बोट टेकलं की नाही

मला दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांचा राग येतो. एक, "जरा अर्जंट आहे" म्हणत येणारी, आणि दुसरी, "सेटिंग काहीही ठेवा, दिसल्याशी मतलब" म्हणणारी. बदलापूर पूर्वेला माझं जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेनड्राइव्हवर काढून द्यायचं दुकान आहे. धंदा शिकले उल्हासनगरला, एका सिंधी शेठकडे. शेठचं एकच सूत्र होतं, "वृंदा बेटा, पच्चीस रख दे, कस्टमर को क्या समझता है." पच्चीस म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. या पंचवीसवरून मी त्यांच्याशी आठ वर्षं भांडले. आणि आयुष्यात एकदाच त्यांचं ऐकलं, तेच नेमकं अंगाशी आलं.

झालं असं, की दिवाळीच्या गर्दीत चिखलोलीच्या क्रीडा मंडळाचा कैलास एक कॅसेट घेऊन आला. २००४ सालची कबड्डीची फायनल, चिखलोली विरुद्ध पालेगाव. अर्थात अर्जंट. मी पंचवीस ठेवलं आणि मोकळी झाले. कैलासनं त्यातली शेवटची चढाई तेवढी कापली, तिच्यावर ढोलकीचं गाणं चढवलं आणि पंचक्रोशीतल्या सगळ्या ग्रुपांवर सोडून दिली.

चढाई पालेगावच्या हरिचंद्र काकांची होती. चौघांनी त्यांचे पाय धरलेत, काका आडवे पडून मध्यरेषेकडे हात ताणतायत, आणि हात रेषेच्या दोन बोटं अलीकडेच थांबलाय. पंचांनी बाद दिलं, पालेगाव एका गुणानं हरलं. पंच होते चिखलोलीचे जनू. आणि हे जनू म्हणजे हरिचंद्र काकांच्या बायकोचे, बनूबाईंचे, सख्खे थोरले भाऊ.

त्या दिवसापासून काकांनी सासुरवाडीची पायरी चढलेली नाही. एकवीस भाऊबिजा बनूबाई एकट्या जाऊन आल्या.

हे सगळं मला कळलं ते दोघं दुकानात आले तेव्हा. काकांच्या मुठीत तीच कॅसेट होती, कैलासच्या घरून हक्कानं उचललेली. बनूबाई मागच्या स्टुलावर टेकल्या.

"ही क्लिप कनच्या दुकानात बनवली, कलंल?" काकांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "आधी काम सांगा ना, काका."

"बोट टेकला व्हता माजा. हिला इचार, ही रेषेवरच उभी व्हती."

"टेकला व्हता," बनूबाई म्हणाल्या. "एकवीस वरसा झाली, हे बोटाचाच इचारतात. आमटीत मीठ बरोबर हाय का ते कंदी इचारत नाय."

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "रविवारी जनूच्या पोरीची हलद हाय. तिथं एलईडीचा मोठा पडदा लागनार. तेच्यावर ही चढाई लावतो. सगल्यांसमोर जनू बोलंल, माजी चूक झाली. तवा मी तेच्या घरी जेवीन."

"आणि नसलं टेकलं तर?"

"तं मी सोता जाऊन तेचे पाय धरीन."

"भाचीची हलद हाय ती," बनूबाई मला म्हणाल्या. "नवरीपेक्षा या मानसाचा बोट मोठा दिसनार पडद्यावर." त्या हसत होत्या, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. हा माणूस रविवारी आपल्याबरोबर मुकाट यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

मी कॅसेट लावली आणि काकांना समजावून सांगितलं. जुन्या कॅमेऱ्याच्या एका चित्रात दोन क्षण असतात. एक ओळ सोडून एक ओळ असा पहिला क्षण, आणि उरलेल्या ओळींत दुसरा, सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं मागून आलेला. माणूस उभा असेल तर कळतही नाही, पण पळाला की त्याच्या कडेला कंगव्याचे दात फुटतात. पंचवीस ठेवलं की माझं मशीन दात घालवण्यासाठी एक अर्धं सरळ टाकून देतं. पन्नास ठेवलं, की दोन्ही अर्ध्यांना आपापलं चित्र मिळतं.

"म्हंजे ज्यानं ही क्लिप बनवली त्यानं आर्धी म्याच कचऱ्यात टाकली?"

"मीच बनवली, काका," मी म्हटलं. खरं सांगून टाकलेलं बरं. "गर्दी होती. चुकलं माझं."

काका माझ्याकडे बघतच राहिले. जनूच्या खालोखाल आता माझा नंबर लागला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"पोरी," बनूबाई हळूच म्हणाल्या, "ते पंचवीसवाला काय वाईट नव्हता. तोच दे की."

पण आता मी इरेला पेटले होते. मी पन्नास ठेवलं. घाईत अर्ध्यांचा क्रम तेवढा उलटा पडला, दुसरं आधी आणि पहिलं नंतर. त्यामुळे पडद्यावरचे काका एक पाऊल पुढे, अर्धं पाऊल मागे असे लटलटत चढाईला निघाले.

"हे काय, मना थंडीताप भरलाय काय?"

"सेटिंग चुकलं, थांबा."

"सेटिंग नाय चुकला," बनूबाई म्हणाल्या. "त्या दिवशी असेच चालले व्हते."

क्रम सुलटा केला आणि शेवटची चढाई एकेक चित्र करत पुढे नेली. हात ताणलेला, दोन बोटं कमी. पुढचं चित्र, बोट रेषेवर. फक्कीची पांढरी भुकटी नखाजवळ उडालेली. त्याच्या पुढचं चित्र, चौघांनी मागे ओढलेलं. एवढंच, एकच चित्र. मी नेमकं तेच टाकून दिलं होतं.

काका चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले. साठीच्या माणसाचे डोळे भरलेले बघून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून झालेली चूक माझ्याच हातानं निस्तरली होती. बनूबाई मात्र खाली फरशीकडे बघत होत्या.

"आता सरल लाव," काका म्हणाले. "आवाजासकट. पब्लिक कशी वरडत व्हती ती आयकायची हाय."

एकेक चित्र बघताना आवाज नसतो. तो आम्ही अजून ऐकलाच नव्हता, आणि क्लिपवर तर कैलासची ढोलकी होती.

"आवाज कशाला?" बनूबाई चटकन म्हणाल्या. "दिसला ना बोट."

मी लावलं. गलका, शिट्ट्या, आणि त्यातून काकांचा तरणा आवाज, कबड्डी कबड्डी कबड्डी. चौघं अंगावर पडले. कबड्डी, कब... आणि आवाज थांबला. मग अगदी कॅमेऱ्याला लागून एक बाई म्हणाली, "गेला बाय, दम गेला." त्यानंतर बोट टेकलं. मग पंचांची शिट्टी.

दम तुटल्यावर बोट कुठंही टेकलं तरी चढाई बाद, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. काकांनी तीनदा लावायला सांगितलं. ती बाई कोण, हे त्यांनी विचारलं नाही. एकवीस वर्षांत तो आवाज फारसा बदललेला नव्हता.

"तुला म्हाईत व्हता," ते मान न वळवता म्हणाले.

"व्हता."

"मंग बोल्ली का नाय?"

"तुमी बोटाचा इचारत व्हते. बोट टेकलाच व्हता, मी खोटा बोल्ली नाय. दमाचा तुमी कंदी इचारलाच नाय." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "जनूदादा दुसऱ्या दिवशी आलता सांगाला. तुमी दार उघडला नाय."

मी उगाच माउस पुसला.

"पन्नासचाच दे," शेवटी काका म्हणाले. "पन आवाज काढून दे."

आवाज काढणं म्हणजे एका चौकटीतली बरोबरची खूण काढणं. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं, या हिशेबानं मी ती काढली आणि एक्सपोर्ट सुरू केलं. पडद्यावरची हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. बनूबाई उठल्या, चपला घातल्या.

"मी रविवारी सकालीच जाते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही. "भाकऱ्या करून ठेवते. सुकट हाय डब्यात."

काका त्या पट्टीकडे बघत बसले. ती अर्ध्यावर आली.

"थांबव," ते म्हणाले. "आवाज ठेव. पडद्यावर नाय लावायची. मी आनि जनू, दोघंच बघू."

मी खूण परत घातली आणि एक्सपोर्ट पहिल्यापासून लावलं. बनूबाई दारातच उभ्या होत्या.

"तेंचा घर आता बिल्डिंगीत हाय ना?" काकांनी विचारलं. "कनचा माला?"

"तिसरा," असं म्हणून बनूबाई रडायला लागल्या. "लिफ्ट हाय."