तेजश्रीच्या नावाचे चाळीस लेख

नांदूरघाटच्या मोहनरावांनी जन्मात एक भाषण स्वतः लिहिलं नव्हतं. पंचायत समितीचे माजी सदस्य ते. भाषण गावातल्या गुरुजींनी लिहायचं, सत्काराची शाल कार्यकर्त्यानं आणायची, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो छापायचे त्यांना विचारायचंसुद्धा नाही, अशी त्यांची रीत. अशा माणसाला सल्ला विचारला की काय मिळणार हे उघड होतं. चूक तेजश्रीची, की तिनं विचारला.

तेजश्री ही त्यांची थोरली लेक. सीताफळाचा गर काढून, गोठवून विकण्याचा तिचा उद्योग. हाताखाली केसरबाई आणि तिच्यासारख्या दहाजणी. गराला कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर या अकराजणींना दिवाळीनंतरही गावातच काम होतं; नाही मिळालं तर कोयता उचलून ऊसतोडीला जायचं ठरलेलं. टोळीत नावं द्यायचे दिवस तोंडावर आले होते, आणि केसरबाई रोज नुसती तेजश्रीच्या तोंडाकडे बघायची.

वेबसाईट होती, पण गूगलवर ती शोधायची तर कंदील लागला असता. तेजश्रीनं वाचलं होतं की यावर उपाय आहे: दुसऱ्यांच्या वेबसाईटवर पाहुण्यासारखे लेख लिहायचे आणि त्यात आपल्या वेबसाईटची लिंक ठेवायची. चार घरचे लोक आपलं नाव घ्यायला लागले की गूगललाही आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लागतं. महिनाभर खपून तिनं दोन लेख लिहिले. सीताफळाचे डोळे उघडले, खाचा पिवळट पांढऱ्या पडल्या की तोडायचं, असं केसरबाईनं सांगायचं आणि तिनं लिहायचं. एक लेख नाशिकच्या एका पाककृतींच्या वेबसाईटनं घेतला. तो वाचून नांदेडचे आइस्क्रीमवाले सुंदरराव यांचा फोन आला. नमुना त्यांना आवडला. महिन्याभरात स्वतः येतो, जागा बघतो आणि हंगामभराचं ठरवून टाकू, म्हणाले.

दोन लेखांत एक सुंदरराव, तर चाळीस लेखांत किती? या हिशेबानं भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते.

“म्हैन्यात दोन लेख?” मोहनराव हसले. “अगं, कारखान्याचा चेअरमन ऊस तोडतो का? मुकादम लावतो. तू कावून लिवत बसती? मुकादम लाव की!”

मुकादमही त्यांनीच आणला. विजयसिंह. बीडमध्ये त्याची काचेची केबिन होती, तिथून तो पुढाऱ्यांचे प्रचार चालवायचा.

“ताई, तुम्ही फक्त बिझनेस बघा. महिन्यात चाळीस लेख टाकतो, तुमच्या नावानं, फोटोसकट.”

“लिहिणार कोण?”

“आपली टीम आहे ना.”

“त्यांनी सीताफळ पाहिलंय?”

“लेख लिहायला सीताफळ कशाला लागतं, ताई?”

खरं तर तेजश्रीनं तिथंच उठायला हवं होतं. पण समोर वडील बसले होते, आणि मनात केसरबाई. छापायच्या आधी मला दाखवा, एवढं मात्र ती म्हणाली. “नक्की!” विजयसिंह म्हणाला. पुढाऱ्यांच्या संगतीत वाढलेल्या माणसाचं ‘नक्की’ किती नक्की असतं हे पुढाऱ्याच्या लेकीला कळू नये, याचा मला आजही राग येतो.

चाळीस लेख आले. एक फरशीवाल्याच्या वेबसाईटवर, एक दातांच्या दवाखान्याच्या, तीन लग्न जुळवणाऱ्यांच्या. दाखवला एकही नाही. तेजश्रीनं पाच-सहा वाचले, सगळ्यांत तेच पाणी घातलेलं वरण, म्हणून बाकीचे सोडून दिले. मोहनरावांनी एकही वाचला नाही, पण त्यांची छाती फुगली. त्यांनी बसस्टँडसमोर वीस फुटी फ्लेक्स लावला: ‘कु. तेजश्री मोहनराव यांचे लेख जागतिक स्तरावर प्रसिद्ध झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून चाळीसही वेबसाईटची नावं. पत्त्यांसकट.

सुंदरराव यायला निघाले ते याच रस्त्यानं. फ्लेक्सवरचा फोटो ओळखून त्यांनी गाडी थांबवली, कौतुकानं त्यावरचाच एक पत्ता फोनमध्ये घातला आणि गाडीत बसून लेख वाचून काढला. तेजश्रीच्या शेडमध्ये ते शिरले तेव्हा हसत नव्हते.

“हे तुम्ही लिहिलंय?” त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. “‘सीताफळाच्या बिया फेकू नका. बारीक वाटून दुधात घाला, आरोग्याला अनेक फायदे होतात.’”

केसरबाईच्या हातातलं घमेलं खाली पडलं. “आगं बया! आमी ते वाटून उवा मारतो की! डोळ्यात गेलं तर डोळा जातो. कुनी लिवलं हे?”

“मावशींना कळतं,” सुंदरराव म्हणाले. “प्रश्न तुमचा आहे, ताई.”

“मी नाही लिहिलं,” तेजश्री कशीबशी म्हणाली. “लिहून घेतलं.”

“मग नाशिकचा लेख तरी तुमचा कशावरून?”

तो लेख तिचाच होता, शब्द न् शब्द, आणि ते पटवून द्यायला जगात काहीही उरलं नव्हतं. “माझं आइस्क्रीम लहान लेकरं खातात,” एवढं बोलून सुंदरराव गाडीत बसले.

तेजश्रीनं दुपारभर फोन करून छडा लावला. विजयसिंहानं काम पुण्याला दिलं होतं, पुणेवाल्यानं आणखी कुणाला, त्यानं तिसऱ्याला. मुकादमाखाली मुकादम उतरत उतरत काम शेवटी आपल्याच जिल्ह्यात, तेलगावच्या मनिषा नावाच्या कॉलेजातल्या मुलीकडे पोचलं होतं.

“ताई, मी तर ‘बिया विषारी हायत, फेकून द्या’ असं लिवलं व्हतं,” मनिषा रडवेली झाली. “वरून सांगितलं, विषारी शब्द नको, वाचणाऱ्याला वाईट वाटतं, फायदे लिवा. मी न्हाई म्हणले तर त्यांनीच बदललं.”

म्हणजे त्या साखळीत ज्या एकटीला ठाऊक होतं, तिचंच वाक्य कापलं होतं. मोहनरावांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “घाबरती कशाला? विजयसिंहाकडून झकास खुलासा लिवून घेऊ.”

तेजश्री पहिल्यांदा वडिलांवर ओरडली. “माझं नाव हाय ते, अण्णा! फ्लेक्स न्हाई!”

मग तिनं आपल्या वेबसाईटवर स्वतःच्या हातानं लिहिलं: बिया खाऊ नका, हे चाळीस लेख माझे नाहीत, मी न वाचता माझं नाव दिलं, चूक माझी. सुंदररावांनाही पाठवलं. त्यांनी वाचल्याची निळी खूण आली, उत्तर नाही आलं. आठवडा गेला.

आठव्या दिवशी केसरबाई शेडच्या दाराशी आली. “ताई, मुकादम नावं लिवून घेतोय. आज शेवटचा दिस हाय. आमी थांबावं का?”

थांबा म्हणणं सोपं होतं. तेजश्री म्हणाली, “नावं द्या, मावशी.”

केसरबाईनं पदर खोचला. “आमाला वाचता येत न्हाई, ताई. पर छापायच्या आधी एकडाव वाचून दाखवलं असतं, तर आमी सांगितलं असतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, तेच तेजश्रीला सोसवेना. “मंग अकराजणींची देते,” ती म्हणाली आणि गेली.