भंडारा त्यानंच उचलला

आमच्या न्हावऱ्यात लोकर कुणी फुकट बी नेत नव्हतं. कातरणाऱ्याची मजुरीच अंगावर पडायची, म्हणून आमी ती बांधावर फेकून द्यायचो. आन् कुठला कोण काबूलचा नजीब, तिकडं राज्य पालटलं म्हणून पुण्यात शिकता शिकता हितंच अडकलेला, त्यानं ती लोकर हातात घेतली आन् रडला. त्याच्या बापाचं तिकडं लोकरीच्या गालिच्यांचं दुकान व्हतं. दुकान गेलं, बाप गेला, आईच्या सोन्याच्या बांगड्या तेवढ्या वाचल्या. त्या मोडून त्यानं आमच्या शेडात मशीन बसवली. लोकर दाबून जाड पट्ट्या करायच्या. रांजणगावच्या कंपन्या प्याकिंगला नेतात. आज सहा बाया कामाला हायेत, मला धरून.

पर त्याच्याकडं आधार कार्ड न्हाई. म्हणून मशीनचं बिल, वीजमीटर, समदं आमच्या मालकांच्या, माझ्या घरधन्याच्या नावावर.

तवा गाव म्हणालं, परका माणूस, उद्या समदं तुमच्या गळ्यात टाकून पळाला तर? म्हणून मी त्याच्यापुढं बिरोबाच्या भंडाऱ्याची वाटी धरली. आमच्यात भंडारा उचलला की शब्द मोडत न्हाईत. त्यो मुसलमान, तरी हळद मुठीत धरून म्हणाला, "अम्मा, धोखा नहीं दूँगा." आमी खूश.

काल त्यो हितं ऱ्हायचा परवाना वाढवायला पुण्याला गेला, आन् आज सकाळीच माझा लेक बिरदेव शिरूरच्या चांगदेवशेठला घिऊन दारात! शेठनं स्टँपपेपर पसरला. मशीन, शेड, समदं त्यो इकत घेणार.

"आन् नजीब?" मी इचारलं.

"त्याचा परवाना वाढला न्हाई तर मशीन काय काबूलला नेणार हाय?" बिरदेव म्हणाला. "कागद आबांच्या नावावर हाय."

"मुडद्या, भंडारा उचललाय!"

"त्यानं उचललाय, आये. आपण कुठं उचललाय?"

खरंच की! चोर समजून त्याच्याकडनं शपथ घेतली, आन् आपल्याला शपथ लागंल असं कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई.

मालकांनी पेन उचललं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत व्हते. चाळीस वर्षं मेंढरामागं हिंडलेला माणूस, कुणाच्या रानातला पाला बी इचारल्याशिवाय न तोडणारा. पेन कागदावर टेकलं.

"अवो, टाका ते!" मी वरडले.

"उद्या करतो सही," मालक खाली मान घालून म्हणाले. न्हाई म्हणाले न्हाईत. उद्या म्हणाले. शेठ म्हणाला, "दहाला येतो," आन् गेला.

मला त्यांची लाज वाटली, आन् त्याहून जास्त भीती. मी शेडामागं जाऊन नजीबला फोन लावला.

"अम्मा! परमिट मिल गया!" त्यो लहान पोरावाणी हसत व्हता. "इतवार को आता हूँ."

"इतवार न्हाई. आज ये. आन् येताना वकील आण."

"वकील? क्यों? किससे झगड़ा है?"

मशीनचा घर्रघर्राट चालू व्हता. आत बाया काम करत व्हत्या.

"आमच्याशी," मी म्हणाले.

त्यो पुन्हा हसला. "क्या अम्मा! आप पर तो पूरा भरोसा है."

"त्योच ठेवू नगंस, लेकरा," मी म्हणाले. "माझ्यावर बी न्हाई."