पलीकडचा कान

कापडगिरणी बंद पडली तसा तिच्या ट्रस्टनेही हात आखडता घेतला. भैरवगढ़ या कापड छापणाऱ्यांच्या वस्तीतली बालवाडी ट्रस्टच्याच आधारावर चालायची. आता सरकारी अनुदान मिळालं नाही, तर दिवाळीनंतर दार उघडायचं नाही, हे चारुलताबाईंना कळून चुकलं होतं. मग ही पोरं दिवसभर आयांच्या मागे रंगाच्या उकळत्या कढयांपाशी फिरणार. तिकडे शहराच्या सुखवस्तू भागात, फ्रीगंजमध्ये गल्लोगल्ली इंग्रजी नर्सऱ्या निघत होत्या. छपाईवाल्यांच्या पोरांना तिथे कोण उभं करणार?

अनुदानाची तपासणी करायला सुहास आला. तो शिक्षण खात्यात निरीक्षक होता आणि लहानपणी बाईंपाशीच पाटी गिरवायला शिकला होता. सतरंजीवर मांडी घालून त्याने नवे नियम काढले.

"व्याख्या आधी वाचतो, बाई. 'बालक' म्हणजे तीन वर्षं पूर्ण झालेलं, पण सहा न झालेलं मूल. 'केंद्र' म्हणजे अशी किमान वीस बालकं जिथे रोज येतात, ती जागा."

"माझी सगळी पाचाच्या आतली आहेत."

"जन्मदाखले?"

"इथे? अरे, कुणी होळीच्या आधी झालेलं, कुणी ईदनंतर."

"मग खालची टीप लागू होते." सुहासने मान वर केली नाही. "डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला लागला, की सहा पूर्ण झाली असं धरायचं."

"तुझा तर पाचव्यालाच लागायचा. माकडासारखे हात होते."

सुहास हसला, पण लगेच पुन्हा कागदाकडे वळला. "व्याख्या भोपाळहून आलीये, बाई. माझ्या हातात काही नाही."

बाईंनी तिसांच्या तीस मुलांना रांगेत उभं केलं. पहिला पोरगा पुढे आला, मान जवळजवळ खांद्यावर पाडली, हात ताणला आणि कान पकडून दाखवला. दुसरीनेही तेच केलं, तिसऱ्यानेही. एवढीएवढीशी पोरं, पण माना कशा पाडायच्या हे सगळ्यांना पाठ होतं.

तेव्हा बाईंच्या ध्यानात आलं. साहेब कान बघणार, ही बातमी मोहल्ल्यात आधीच पोहोचली होती. मोठ्या शाळेत कान धरता आला की नाव दाखल होतं, नाही आला की घरी पाठवतात, एवढंच आयांना माहीत. त्यांनी कपडे धुता धुता, पोळ्या लाटता लाटता पोरांकडून घोटून घेतलं होतं.

सुहासच्याही लक्षात आलं. तो उठला. "मी कोपऱ्यावर चहा घेऊन येतो, बाई. सावकाश येतो. तुम्ही जरा... समजावा त्यांना."

तो गेला. रांग बाईंकडे बघत राहिली. सांगायचं एवढंच होतं की कानाला हात लावायचा नाही. खेळ म्हणून सांगितलं असतं तरी पोरांनी ऐकलं असतं.

बाई रांगेतल्या रुखसारसमोर बसल्या. "बेटा, साहब आएँगे ना, तो हाथ..."

"छू लूँगी, बहनजी!" रुखसारने मान पाडली, चेहरा लाल होईपर्यंत हात ताणला, आणि बोटाचं टोक कानाला टेकवलं. "अम्मी बोली, छू लिया तो पास. देखो, लग गया ना?"

बाईंनी ते बोट पाहिलं. राग यायला हवा होता, निदान रडू तरी. काहीच आलं नाही. पायाला मुंग्या याव्यात तशी आत कुठेतरी बधिरता होती.

"हाँ," त्या म्हणाल्या. "लग गया."

सुहास परत आला तेव्हा रांग तशीच उभी होती. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांनी नुसतं पुढच्या मुलाला खूण केली. एकामागून एक हात कानांना लागत गेले. काही अगदी चिमुकल्यांचे तेवढे राहिले, आणि ती रडायला लागली.

"नऊच बालकं उरली," सुहास हळूच म्हणाला. "बाई, वीस लागतात हो."

"ऐकलं मी."

तो थोडा वेळ घुटमळला, वाकून पाया पडला आणि गेला. बाईंनी रडणाऱ्यांची नाकं पुसली.

दाराशी आया जमल्या होत्या. ओले हात ओढणीला पुसत रुखसारची आई पुढे आली. "बहनजी, मेरी वाली?"

"पास हो गई."

"और हमारा?"

"वो भी. ज़्यादातर पास हैं."

आयांनी एकच गलका केला. कुणीतरी गुळाचा खडा आणला आणि आधी बाईंच्या हातावर ठेवला. बाईंनी तो तोंडात टाकला. तो गोड आहे हे त्यांना माहीत होतं.