सार्जंट माक्विंजांनी पलटण थांबवली तो दिवस

पिकअपच्या मागच्या बाजूला चटई टाकून आम्ही एलुबीला निजवलं होतं. एलुबी माझी धाकटी बहीण. पहाटेपासून कळा येत होत्या आणि रक्त थांबत नव्हतं. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते. तळ्याकाठच्या आमच्या गावाहून झोम्बा शहरापर्यंत गाडी नीट आली आणि मोठ्या चौकाच्या तोंडाशी थांबली. रस्त्यावर आडवी दोरी बांधलेली होती. दोरीपलीकडून लष्कराचा बँड वाजत येत होता.

त्या दिवशी सहा जुलै, आमचा स्वातंत्र्यदिन होता. गाव सोडताना ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

दवाखाना चौक ओलांडला की लगेच. पण त्या काळी संचलनापुढून मांजर आडवं गेलं तरी त्याच्या मालकाला ठाण्यावर बोलावणं यायचं. दोन्ही बाजूंना शाळेची मुलं, बाया, चहाच्या मळ्यातले मजूर, सगळे हातात झेंडे घेऊन उभे होते. कुणी आमच्याकडे वळून बघितलं नाही.

चौकात नेहमीप्रमाणे वाहतूक पोलिसांचे सार्जंट माक्विंजा होते. झोम्बात त्यांना ओळखत नाही असं कुणी नव्हतं. डोंगरावरून लाकडाच्या मोळ्या लादून सायकलवाले भरधाव खाली यायचे. माक्विंजा एकेकाला थांबवून ब्रेक दाबायला लावत. ब्रेक नसला तर दंड नाही की मारझोड नाही. जुन्या चपलेचा तुकडा कापून ब्रेकला बसवेपर्यंत मात्र सोडायचे नाहीत. वर बायकोचं नाव विचारायचे. म्हणायचे, तू मेलास तर निरोप कुणाला द्यायचा ते मला ठाऊक असलेलं बरं. बाजारातल्या बाया त्यांच्यावर हसायच्या आणि त्यांच्यासाठी चांगली केळी बाजूला काढून ठेवायच्या.

आमचा ड्रायव्हर सोके उतरून त्यांच्याशी काहीतरी बोलला. ते गाडीपाशी आले, आत वाकून पाहिलं.

"कधीपासून?"

"पहाटेपासून, बांबो. रक्त थांबत नाहीये," मी म्हणाले. पुरुषाला बांबो आणि बाईला मायी म्हणायची आमच्याकडे रीत.

"मी विचारून येतो," असं म्हणून ते गेले.

समोरच्या कडेला एक कॅप्टन उभा होता. माक्विंजा त्याच्यापुढे ताठ उभे राहिले. कॅप्टन दुसऱ्याच कुणाशी बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत ते थांबले. मग काहीतरी म्हणाले. कॅप्टननं त्यांच्याकडे न बघताच उत्तर दिलं. पुढे कळलं, शेवटची तुकडी गेली की सोडा, इतकंच तो म्हणाला होता. सगळं मिळून चारेक मिनिटं गेली असतील. तोवर एलुबीनं माझा हात सोडला होता.

माक्विंजा परत आले. पुन्हा आत पाहिलं. त्यांनी स्वतः दोरीची गाठ सोडली, रस्त्याच्या मधोमध जाऊन बँडकडे तोंड केलं आणि ट्रकला करायचे तसाच हात वर केला.

पुढचा काठीवाला थबकला. त्याच्या मागचे ढोलवाले एकमेकांवर आदळले. एक कर्णा थोडा वेळ एकटाच वाजत राहिला आणि मग तोही बंद पडला. मागे अख्खी पलटण जागच्या जागी पाय आपटत उभी. गर्दीतले झेंडेही हलायचे थांबले.

"चल सोके, घाल गिअर," माक्विंजा म्हणाले. नजर मात्र त्यांनी बँडवरून हलवली नाही.

आम्ही त्यांच्या पाठीमागून पलीकडे गेलो.

तासाभरात मुलगी झाली. एलुबी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. आणखी लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. किती लवकर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आठवड्याच्या आत माक्विंजांची बदली झाली, पार उत्तरेला, सरहद्दीवरच्या नाक्यावर. जाण्याआधी ते आमच्या दुःखाच्या घरी आले. पुरुषांत थोडा वेळ बसले. निघताना माझ्यापाशी येऊन थांबले.

"मायी, मी परवानगी मागायला गेलो. हात आधीच वर करायला हवा होता."

मीसुद्धा तीच चार मिनिटं मनात घोळवत होते. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा राग आला होता. "ते देवालाच ठाऊक," एवढं बोलून मी आत निघून गेले.

पुढं राजवट बदलली, लोकांना मोकळेपणी बोलता येऊ लागलं, तशी बाजारात ती गोष्ट वाढत गेली. कुणी म्हणे, अधिकाऱ्यानं तलवार उपसली तरी माक्विंजा हलले नाहीत. कुणी म्हणे, शेवटी त्यानंच त्यांना सलाम ठोकला. आई आणि लेक दोघी वाचल्या, हे तर सगळेच सांगायचे. मी भाजी घेता घेता ऐकायची आणि गप्प राहायची. एलुबीच्या मुलीला मीच वाढवलं. तियामिके तिचं नाव. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा माक्विंजा निवृत्त होऊन गावी आल्याचं कळलं. मी तिला घेऊन गेले.

ते घराच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. अंगात नुसती बंडी होती. आम्हाला बघून आत गेले, सदरा घालून, बटणं लावून बाहेर आले. ही कोण ते मी सांगितलं. ते खाली बसले.

सोळा वर्षं मनात धरून ठेवलेलं मग मी बोलले. "बांबो, तुम्ही विचारायला गेलात तेव्हा मी गाडीतच बसून होते. मी उतरून ओरडले नाही. चौकात हजार माणसं होती. दोरीला हात लावला तो तुम्ही एकट्यानं."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, मला कळलं नाही. मग तियामिकेला शाळेचं विचारलं. तिला शास्त्र आवडतं, गणित जमत नाही. गणित त्यांनाही कधी जमलं नाही, म्हणाले.

तियामिकेनं न विचारता मूठभर शेंगा सोलायला उचलल्या. माक्विंजा ओट्यावर थोडे सरकले. सावलीतली जागा तिला झाली आणि ते उन्हात बसून सोलू लागले.