धुतलेली अंडी

मुलाने पाठवलेलं खोकं आयाबाईंनी सुरीने उघडलं, तेव्हा त्यांना वाटलं पोराने मिक्सर पाठवला. आतून निघालं एक बुटकं, गोल, पारदर्शक झाकणाचं यंत्र. सोबत एक पुस्तिका होती. तिच्यावर लिहिलं होतं, बदकाची अंडी उबवणे : नवशिक्यांसाठी.

झालं होतं एवढंच, की मागच्या रविवारी फोनवर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "घर खायला उठतं रे." पोरगा लांबच्या शहरात शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करतो. त्याच्या लेखी बिघाड म्हटला की त्याला लागणारा भाग कुठे ना कुठे मिळतोच. आईला माणूस हवं होतं, त्याने यंत्र धाडलं. आता याला काय म्हणावं! पण खरं सांगायचं तर यंत्राने काम केलं. जो मुलगा रविवारी "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढ्यावर फोन आटपायचा, तो रोज संध्याकाळी फोन करू लागला.

"आई, पाणी कुठल्या खाचेत घातलंस? काटा कुठे आहे? अंडी आडवी ठेव हं."

स्वतः त्याने अंडं उकडण्यापलीकडे अंड्याला कधी हात लावलेला नव्हता. सगळी विद्या व्हिडिओतली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आयाबाईंना मात्र ते हाकणं इतकं गोड लागायचं, की कळलेली गोष्टही त्या दोनदा विचारायच्या.

अंडी त्यांनी तळ्यामागच्या बदकवालीकडून आणली. चिखलाने बरबटलेली, कुठे विष्ठा, कुठे पीस चिकटलेलं. आता आयाबाईंचा सगळा जन्म गेला प्रसूतिगृहात. आलेलं बाळ पुसायचं, धुवायचं, गुंडाळायचं, मनगटाला आईच्या नंबराची पट्टी बांधायची, मगच पुढचं काम. हात न धुता पाळण्यापाशी आल्या तर डॉक्टरीणबाईंनासुद्धा त्या सोडत नसत. अशी बाई ती घाण त्या चकचकीत पेटीत ठेवणार? त्यांचे हात शिवशिवले. हाताला जेमतेम सोसेल इतकं कडक पाणी केलं, साबण लावला, नखाने खरवडलं, वर जंतुनाशकात बुडवून काढलं, आणि मऊ फडक्याने टिपून एकेक अंडं पेटीत निजवलं. अंडी अशी लखलखली की दृष्ट लागावी. अति तिथं माती, हे कळायला त्यांना अजून अवकाश होता.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका अंगाला फुली काढली, दुसऱ्या अंगाला गोल. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर. कूस बदलून देताना त्या अंड्यांशी बोलायच्या, "वळ गं बाई, वळ. फार वेळ एका अंगावर बरं नाही." नवरा गेल्यापासून त्या घरात भरदुपारी कुणाचा आवाज झाला नव्हता. स्वतःचाही नाही.

आठवडा सरला तशी पुस्तिकेतली पुढची पायरी आली. अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा, लाल शिरांचं जाळं दिसेल. न्हाणीघराच्या झरोक्याला चादर लावून आयाबाईंनी पहिलं अंडं उजेडावर धरलं. नुसता पिवळा उजेड. दुसरं तसंच, तिसरं तसंच. सगळी धडधडीत रिकामी. गरोदर बाईच्या पोटावर यंत्र फिरवताना ठोके लागेनासे झाले, की खोलीत एक शांतता व्हायची. ती त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. आज ती घरी आली.

एक अंडं रुमालात गुंडाळून त्या तडक बदकवालीकडे गेल्या. तिने अंडं नाकाला लावलं.

"धुतलंस होय गं?"

"घाण होतं ते."

"अगं माझे बाई! कवचावर पातळ थर असतो, त्याच्या आड ते श्वास घेतं. तो तू खरवडलास, वरून औषध पाजलंस. आता दगडाला ऊब दे नाहीतर याला दे, एकच."

संध्याकाळी फोन वाजला. "दिसल्या का गं शिरा?" पोराला इतकी घाई, की त्याचा श्वास ऐकू येत होता.

बाळ गेल्याचं सांगणं हे डॉक्टरीणबाईंचं काम. आयाबाई टॉवेल घेऊन मागे उभ्या राहायच्या. सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"दिसल्या," त्या म्हणाल्या.

"किती अंड्यांत?"

"सगळ्यांत. लालभडक."

खोटं बोल पण रेटून बोल. पोरगा आनंदाने ओरडलाच. शेजारच्या कुणाला तरी सांगताना ऐकू आला, "अरे, आईकडे बदकं होणार आहेत!"

मग काय, रोजचा फोन आणि रोजचं खोटं. आयाबाई मेलेली अंडी फुली-गोल करत राहिल्या, कारण त्याने विचारल्यावर निदान "वळवली" एवढं तरी खरं असावं. एकदा दुपारी त्यांना डुलकी लागली असताना फट्‌ असा आवाज झाला. एक अंडं फुटलं होतं, आणि असा वास सुटला की शेजारीण जिन्यावरून ओरडली, "आयाबाई, गटार तुंबलं का हो?" नाकाला फडकं बांधून त्यांनी पेटी धुतली. धुण्यात त्यांचा हात कोण धरणार! धुता धुता त्या हमसून रडल्या, आणि ते रडणं अंड्यांसाठी नव्हतं. महिना भरत आला होता. अंडी संपली की फोनही संपणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

त्याच संध्याकाळी पोरगा म्हणाला, "आई, ऐक. सुट्टी टाकलीय. पिल्लं बाहेर येताना मला बघायचीत. शनिवारी येतो."

दोन वर्षांत आला नव्हता तो. आयाबाईंना आनंद झाला तो झालाच, पण पेटीत त्याला दाखवायला काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या बदकवालीच्या दारात उभ्या. "मला पिल्लं हवीत. कालपरवाची." तिने टोपली पुढे सरकवली. पिवळी, मऊ, एकमेकांच्या पोटाखाली घुसणारी पिल्लं. बेत साधा होता. अंडी फोडून कवचं पेटीत टाकायची आणि त्यांत ही सोडून द्यायची. ऐकून बदकवाली खो खो हसली.

"ने की. तुझी कुठली नि माझी कुठली, कोण ओळखतंय? त्यांच्यावर काय नाव लिहिलंय?"

टोपलीकडे गेलेला आयाबाईंचा हात तिथेच थांबला. एकदा गर्दीच्या दिवशी दोन बाळांच्या पट्ट्या उलटसुलट व्हायची वेळ आली होती, तेव्हा त्यांनी अख्खं प्रसूतिगृह डोक्यावर घेतलं होतं. एकीचं मूल दुसरीच्या कुशीत कधी जाऊ दिलं नाही, एवढीच त्यांची आयुष्यभराची मिजास. आणि आज त्या पोटच्या पोराला दुसऱ्याची पिल्लं दाखवून फसवायला निघाल्या होत्या. तेही कशासाठी, तर त्याने आपल्या घरी यावं म्हणून.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे."

"मग पोराला दाखवशील काय?"

आयाबाई तशाच वळल्या. घरी येऊन त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि संध्याकाळची वाट न बघता फोन लावला.

"आई? काय झालं? इतक्यात फुटली का?" मागे यंत्रांची घरघर चालली होती.

"अंड्यांत काही नाही रे. पहिल्यापासूनच नव्हतं. मी ती धुतली, त्यातच गेली. शिरा दिसल्या म्हटलं ते खोटं."

"सगळीच?"

"सगळीच."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"असू दे गं," तो समजुतीने म्हणाला. "पहिल्यांदा होतं असं. पुढच्या वेळी न धुता ठेव." मग म्हणाला, "तिकीट रद्द करू का मग? शनिवारी येऊन आता बघायचं काय?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. बिघाड झाला, भाग बदलायचा, एवढंच. 'कर बाबा रद्द, तुझं काम आधी' हे वाक्य आयाबाईंच्या ओठांवर तयार होतं. आजवर शंभरदा म्हटलेलं. पण तीन आठवडे इतकं खोटं बोलून झालं होतं, की आता आणखी एक निघेना.

"मला बघ," त्या म्हणाल्या.

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. तो गेला नाही. दार ओढून घेतल्याचा आवाज आला आणि यंत्रांची घरघर कमी झाली.

"आई, तू बरी आहेस ना?"

"नाही," आयाबाई म्हणाल्या. "बरी नाही."