एका वायरवरची दोन खाती

"डुप्लिकेट खातं? मी डुप्लिकेट?" मैत्रेयी एवढ्या जोरात ओरडली की विठ्ठलवाडीच्या त्या सायबर कॅफेतली सगळी डोकी वळली.

मालक लछूभाई काउंटरवरून म्हणाले, "बेटा, आहिस्ता. क्या हुआ?"

व्हायचं काय राहिलं होतं? परदेशातल्या एका कंपनीने जुन्या गिऱ्हाइकांची माहिती इंटरनेटवर टाकून स्पर्धा लावली होती: कोण पुढे काय विकत घेईल, ते ओळखा. मैत्रेयी अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात आकडे टाइप करून आली की इथे बसायची. अंधेरीच्या एका ऑफिसने तिला शब्द दिला होता, शेवटच्या यादीत नाव दाखवा आणि कामावर या. काल ती एकेचाळिसावी होती. आज यादीत नावच नाही.

कंपनीची मेल होती: एकाच इंटरनेट पत्त्यावरून दोन खाती चालतात, नियमाप्रमाणे एकच राहील. अहो, कॅफेतल्या सगळ्या मशीन एकाच वायरवर! दुसरं खातं शेजारच्या खुर्चीवरच्या विक्रांतचं, आज पस्तिसाव्या नंबरवर. त्याला सगळं शिकवलं कोणी? हिनेच. "एक टीम करू, नियमात बसतं," असं ती म्हणालीही होती. तेव्हा हा हसला होता. "पोरीच्या टीममध्ये? दोस्त लोक काय बोलतील!"

"तुला पण मेल आली असेल ना?" तिने विचारलं.

विक्रांत स्क्रीनकडेच बघत राहिला. "आली. खरं खातं कुठलं, विचारलं होतं. मी बोललो, माझं. तुला जॉब आहे ना यार! मी घरी बसलोय."

"आणि माझं?"

"बोललो... टेस्टिंगसाठी काढलेलं."

मैत्रेयीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मेल्याच्या कानाखाली आवाज काढावा, असं तिला फार वाटलं. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "अजून आठवडा आहे. सगळे अंदाज एकत्र करायचं ते तुझं शेवटचं मिक्सिंग सांग ना. खुर्ची घे."

तिने खुर्ची लाथेने सरकवली आणि बाहेर पडली.

घरी तिचे वडील रामभाऊ शिफ्टवरून येऊन जेवायला बसले होते. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "आज कितवा नंबर, बाळा? कारखान्यात सगळे विचारतात मला."

"पस्तिसावा."

"अरे वा! वर गेलीस की!"

"काम गेलं वर, बाबा," मैत्रेयी म्हणाली. "नाव विक्रांतचं आहे."

रामभाऊंच्या हातातला घास ताटात परत गेला.