उस्तादाच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, बसचा ब्रेक म्हटलं की तुम्हाला ड्रायव्हरच्या पायाखालचा ब्रेक आठवतो. तो माझा थोरला भाऊ. मी धाकटा, जुना आणि खरं सांगायचं तर तोंड लपवून बसलेला. शिकाऊ गाडीत ड्रायव्हरच्या डावीकडे उस्ताद बसतो ना, त्याच्या पायाशी जो जादा ब्रेक असतो, तो मी. आम्हा दोघांमध्ये एक लोखंडी दांडी आहे. मला दाबलं की भाऊही आपोआप खाली जातो आणि गाडी थांबते. एवढंच माझं काम. एवढ्याशा कामात मी काय माती खाल्ली, ते आज सांगतो.

माझा जन्म द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात झाला. भिमाजी मिस्त्रीने भंगारातल्या ट्रकचं पेडल कापलं, त्याला दांडी जोडली आणि मला एका जुन्या बसमध्ये बसवलं. ही बस खंडेरावांची. ते मूळचे सिन्नरचे. उभा जन्म त्यांनी बस चालवण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर मखमलाबाद रस्त्याला ड्रायव्हिंग स्कूल काढलं. आईच्या नावाने पाटी लावली, ‘गोजराई मोटार ट्रेनिंग’. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

चौदा वर्षं मी उस्तादांच्या पायाखाली होतो. रिक्षावाले आले, दुधाच्या गाडीवाले आले, सगळ्यांना मी वाचवलं. कुणी भिंतीवर चालला होता, कुणी चहाच्या टपरीत. खंडेनवमीला स्टिअरिंगच्याही आधी हळदकुंकू मला लागायचं. “याच्या जिवावर आपण घरी जातो रे,” असं उस्ताद म्हणायचे. मित्रांनो, मी फुगलो होतो. थोरल्या भावाला मी मनातल्या मनात हसायचो, कारण त्याच्यावर पडणारे पाय शिकाऊ आणि माझ्यावर पडणारा पाय उस्तादाचा!

उस्तादांची शिकवण्याची एक रीत होती. गाडीच्या मधल्या वाटेत ते पाच गोल गरगरीत कांदे मांडायचे. ते आमचे उभे प्रवासी. एक शाळकरी मुलगी, एक पोटुशी बाई, एक झोपाळू कामगार, एक कंडक्टर आणि सगळ्यात गोल कांदा म्हणजे म्हातारी. ब्रेक हिसक्याने लागला की कांदे गडगडत पुढे यायचे आणि उस्ताद ओरडायचे, “म्हातारी पडली! उतर खाली, माफी माग तिची!” मोठमोठे बाप्ये मग कांद्यापुढे हात जोडायचे. आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

दोन वर्षांपूर्वी योगिनी आली. मखमलाबादकडची. घरी भाजीचा आणि शेवंतीचा मळा. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवणारी, पुढे पिकअपमध्ये भाजी घेऊन मार्केटला जाणारी. तिला शहराची बस चालवायची होती. “उस्ताद काका, पिकअप घेऊन गेलं की जो तो म्हणतो, ए बाई, सरक. बसला कोण सरक म्हणेल?” उस्तादांना ते इतकं आवडलं, की त्यांनी त्याच आठवड्यात फ्लेक्स छापायला टाकला. ‘आमच्या शाळेची पहिली महिला बसचालक.’ नाव घालायची जागा तेवढी रिकामी ठेवली.

हात तिचा पक्का होता हो. आरशात बघणं, वळणावर मागचं चाक सांभाळणं, थांब्याला गाडी अशी कडेला लावणं, की चढणाऱ्याला चिखलात पाय टाकावा लागू नये, सगळं तिने महिनाभरात उचललं. एकच खोड होती. ट्रॅक्टर कसा, पाय उचलला की स्वतःच मंदावतो. त्यामुळे अचानक काही आडवं आलं की ती पाय उचलायची आणि वाट बघायची. भरलेली बस अशी थांबत नाही. ती ढकलल्यासारखी पुढे जात राहते.

पहिल्या वेळी पाचही कांदे पुढे आले. योगिनीचा चेहरा पडला. “जमणार नाही काका मला,” असं म्हणून ती गाडीतून उतरायला निघाली. उस्तादांनी तिला बसवलं, पाणी दिलं. दुसऱ्या वेळी तिने पाय उचलला, तेव्हा उस्तादांनी मला हळूच दाबलं. अगदी हलक्या पायाने. गाडी लोण्यासारखी थांबली. एकही कांदा हलला नाही. “बघ! जमलं की नाही?” उस्ताद म्हणाले. ती हसली. आणि मी? मला वाटलं, केवढं पुण्याचं काम केलं आपण!

मग ते रोजचंच झालं. ती पाय उचलायची, मी खाली जायचो. तिची नजर रस्त्यावर असायची, पायाशेजारचा ब्रेक आपोआप दबतोय हे ती बघणार कधी? तिला वाटायचं, बससुद्धा ट्रॅक्टरसारखीच असते. आम्ही तिला ब्रेक मारायला शिकवत नव्हतो, ब्रेक न मारायला शिकवत होतो. हे तेव्हा माझ्या लोखंडी डोक्यात शिरलं नाही.

नोकरीची चाचणी आमच्याच गाडीवर झाली. डेपोचे साहेब मागच्या सीटवर वही घेऊन बसले. उस्ताद आपल्या जागेवर. गाडी सुरू होण्याआधी उस्तादांनी पायातली चप्पल हळूच काढून ठेवली. अनवाणी पायाने दाबलं की माझा टक् असा आवाज होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. नाक्यावर डावीकडून एक स्कूटर घुसली. योगिनीने पाय उचलला. उस्तादांचा उघडा, घामेजला पाय माझ्यावर पडला. मी अडकून बसलो असतो तर? गंजलो असतो तर? पण नाही. मी मुकाट्याने खाली गेलो. कांदे जागचे हलले नाहीत. साहेबांनी वहीत लिहिलं, ‘ब्रेकवर उत्तम ताबा.’

फ्लेक्स लागला. योगिनीच्या सासूबाई कुसाबाई स्वतः शेवंतीचा हार घेऊन आल्या आणि त्यांनी तो स्टिअरिंगला घातला. “उस्ताद, माझ्या सुनेचं सोनं केलं तुम्ही,” असं त्या म्हणाल्या. उस्तादांनी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, किती नम्र माणूस!

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. योगिनी खाकी घालून रुजू झाली. पहिले चार दिवस झकास गेले. कामाचा वेग तिला आवडला होता. थांब्यामागून थांबा, पाठीमागे कंडक्टरची घंटी, खिडकीवर थाप मारून ‘ताई, थांबा’ म्हणणारी माणसं, आणि डावीकडून सापडेल त्या फटीत शिरणाऱ्या दुचाक्या. पाचव्या दिवशी अशीच एक दुचाकी आडवी आली. योगिनीने पाय उचलला आणि सवयीने वाट पाहिली. गाडी मंदावली नाही. तिथे मी नव्हतो ना! मग तिने घाबरून सगळा जोर ब्रेकवर टाकला. दुचाकीवाला निसटला. पण पुढे उभी असलेली नवसाबाई, शेवंतीची पाटी घेऊन मार्केटला निघालेली म्हातारी, दांड्यावर जाऊन आपटली. तिचा उजवा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनी शाळेत आली. गणवेश नव्हता अंगावर. डोळे सुजलेले. ती सरळ आमच्या गाडीत चढली, उस्ताद आपल्या जागेवर बसताच मोकळ्या मैदानात गाडी वेगात नेली आणि पाय उचलला. उस्तादांचा पाय सवयीने माझ्यावर आला. या वेळी योगिनी रस्त्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. थोरला भाऊ कुणी न दाबता खाली जाताना तिने आपल्या डोळ्यांनी पाहिला.

“काका,” ती म्हणाली, “तुमची म्हातारी पडली.”

उस्तादांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. “पोरी, तू नाउमेद होशील म्हणून...”

“नाउमेद झाले असते तर पुन्हा शिकले असते. तो हात माझ्यामुळे मोडला, काका. मला वाटत होतं, मला येतंय!”

मित्रांनो, लोखंडाला लाज वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला त्या क्षणी भट्टीत वितळून जावंसं वाटलं. चौदा वर्षं हळदकुंकू लावून घेतलं मी!

मग दोघं डेपोत गेले. उस्तादांनी साहेबांपुढे सगळं कबूल केलं, अगदी चप्पल काढल्याचंसुद्धा. योगिनीला गाडीवरून उतरवण्यात आलं. महिन्याने पुन्हा चाचणी, पास झाली तर नोकरी, नाही तर घरी. तिथून दोघं नवसाबाईकडे गेले. तिने त्यांना काय ऐकवलं कुणास ठाऊक, पण उस्ताद दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यांनी फ्लेक्स स्वतः उतरवला. आणि भिमाजीला बोलावून मला काढायला लावलं. ज्याने बसवलं, त्यानेच पान्याने बोल्ट सोडवले आणि मला गाडीतच पुढच्या दाराच्या पायरीपाशी टाकून दिलं.

तिथे पडल्या पडल्या मी योगिनीचं शिक्षण ऐकलं. उस्ताद आता सीटवर मांडी घालून बसायचे. मैदानात पहिल्या दिवशी पाच कांदे गडगडत आले आणि माझ्यावर आपटले. टक्, टक्, टक्, टक्, टक्. मुकाट्याने खाल्ले मी ते फटके. योगिनी दर वेळी उतरायची, म्हातारीला उचलायची आणि हात जोडायची. आता कुणी हसत नव्हतं. आठ दिवसांनी तीन आपटायला लागले. मग एक. तो एक काही थांबेना. गोल, म्हातारीचाच.

चाचणीच्या दिवशी साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग हात गळ्यात बांधलेली नवसाबाई! “त्या कांद्यांना काय कळतंय? मी बसून बघते,” असं म्हणत ती दाराजवळच्या पहिल्या सीटवर बसली. तिच्या पायाला मी लागलो.

“हे काय लोखंड पडलंय हे पायात?”

“आजी, हाच तो,” उस्ताद हळू आवाजात म्हणाले. “हाच मी चोरून दाबायचो.”

नवसाबाईने माझ्याकडे पाहिलं. “देवळात जायचं तर माणूस घंटी वाजवून जातो, आन् हा मेला गुपचूप दबायचा व्हय!” असं म्हणून तिने मला पायाने बाजूला सारलं. चौदा वर्षांत मला मिळालेला तो सगळ्यात खरा प्रसाद होता.

गाडी निघाली. नवसाबाईने डोळे गच्च मिटले आणि डाव्या हाताने दांडा धरला. नाका आला. डावीकडून एक शेळी दोर तोडून रस्त्यात धावली. मला योगिनीचा पाय दिसत नव्हता. मी नुसता कांद्याची वाट पाहत पडलो होतो. आता येईल. आता आपटेल.

एकही आला नाही.

“का गं, शेळी-बिळी ओरडली का कुठं?” नवसाबाईने डोळे न उघडताच विचारलं.

“हो आजी. गाडी थांबवली मी.”

“थांबली? मंग मला कसं कळलं नाय?”

योगिनीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली. साहेबांनी वहीत काय लिहिलं ते तुम्ही ओळखलं असेलच. आता सकाळच्या बसला ती असते. नवसाबाई त्याच बसने मार्केटला जाते. हात जुळला, पण पूर्वीसारखा वर जात नाही. पाटी आता कुणीतरी चढवून द्यावी लागते. हे माझ्यामुळे झालं आणि ते मला पुसता येणार नाही.

नवीन शिकणाऱ्यांसाठी उस्तादांनी मला परत बसवलं. पण भिमाजीला सांगून माझ्या दांडीला एक पितळी घंटी बांधून घेतली. मला दाबलं की ती वाजते, साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशी. आणि शिकणाऱ्याला कळतं, हा ब्रेक माझा नव्हता.

मित्रांनो, तुम्हीही कुणाचा गृहपाठ करून देत असाल, कुणाचं चित्र रंगवून देत असाल. माया म्हणूनच करत असाल, मीही तेच म्हणायचो. जरूर हात द्या, पण ज्याला दिला त्याला कळू द्या. यंदा खंडेनवमीला उस्तादांनी हळदकुंकू आधी थोरल्याला लावलं आणि मग मला. घंटी वाजली की अजून मला लाज वाटते. वाटू दे. तेवढी तरी मी कमावलेली आहे.